कंपनीच्या आतला नवा धंदा : ‘नाही’ म्हणायचा अधिकार कुणाचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा धागा लागेल. मकरपुऱ्यात तुमच्या कंपनीचा ट्रान्सफॉर्मरचा कारखाना आहे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, पण कारभार अजून घराण्याच्या हातात. संचालक मंडळाने तुमच्यावर नवं काम सोपवलंय : चालू ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विरघळलेले वायू आणि तापमान सतत मोजणारा एक डबा बनवायचा, तो ग्राहकाकडे बसवायचा आणि महिन्याची वर्गणी घेऊन त्यावर सल्ला द्यायचा. आजवर तांबं, पोलाद आणि तेल विकत आलेल्या कंपनीने आता माहिती विकायची. पुढच्या बैठकीला ‘गव्हर्नन्स’चा मसुदा मागितलाय. वेगळी कंपनी काढायची का, पैसे कसे मागायचे, हिशेब कुणाला द्यायचा, जमलं नाही तर बंद कुणी करायचं, हे तुमचे प्रश्न. आणि शेवटी, जरा संकोचत, शेठच्या मुलीला प्रमुख नेमायचं घाटतंय त्याबद्दल विचारलंय.

बडोद्यात आणि बाहेरही अशा समित्यांवर मी बरीच वर्षं बसतोय. कधी नव्या उपक्रमाच्या बाजूने, कधी तिजोरीच्या बाजूने. त्यातून झालेलं मत आधी सांगून टाकतो. मसुद्यात अहवाल, बैठका आणि देखरेख यांची पानं भरू नका. कोणत्या बाबतीत कुणी ‘नाही’ म्हटलं की काम थांबतं, आणि कोणत्या बाबतीत कुणाच्याही ‘नाही’ने थांबत नाही, एवढं पहिल्या पानावर लिहून मंडळाची सही घ्या. पैसे, माणसं, वेगळी कंपनी, बंद करणं, सगळं त्या पानावरून ठरत जातं.

कारण असं की मंडळ एकदा ‘हो’ म्हणतं आणि पुढच्या विषयाकडे वळतं. त्यानंतर नव्या टीमची गाठ मंडळाशी पडतच नाही. गाठ पडते खरेदी खात्याशी, एचआरशी, आयटीशी, क्वालिटीशी, लीगलशी. यांतल्या प्रत्येकाकडे छोटासा नकार असतो, आणि तो नियमाला धरून असतो.

इथल्याच एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतला प्रकार जवळून पाहिलाय. पंपांची कंपनं मोजून बिघाड आधी ओळखायचा, असा आतला उपक्रम होता. टीमला अठरा हजारांचे सेन्सर हवे होते, तेही पुण्याच्या एका विक्रेत्याकडे तयार पडलेले. खरेदी खातं म्हणालं, या विक्रेत्याला वेंडर कोड नाही, म्हणजे आमच्या यादीत त्याची नोंदच नाही. कोडसाठी जीएसटीचं प्रमाणपत्र आणि कॅन्सल्ड चेक आला, पण क्वालिटीची शिफारस लागते. क्वालिटीकडे ओतीव काम आणि बेअरिंग पुरवणाऱ्यांच्या तपासणीचा फॉर्म होता. सेन्सरवाल्यासाठी फॉर्मच नव्हता. मग तीन कोटेशनं मागितली. माल एकाकडेच होता, म्हणून एकमेव पुरवठादार असल्याची नोट केली. त्या नोटेवर कारखान्याच्या प्रमुखाची सही हवी, आणि त्यांनी विचारलं की खर्च माझ्या कॉस्ट सेंटरवर, म्हणजे माझ्या विभागाच्या खात्यावर, का? फाईल फिरत राहिली. यात आळशी कुणी नव्हतं, वाईट हेतू कुणाचा नव्हता. खरेदीची ती नियमावली कोट्यवधींच्या कच्च्या मालासाठी लिहिलेली होती आणि त्या मालासाठी ती चोख होती. पण ग्राहकाच्या कारखान्याचा वर्षातून एकदाच होणारा शटडाऊन तेवढ्यात उलटून गेला. सेन्सर बसवायची संधी तेवढीच होती. पुढच्या तिमाही आढाव्यात टीमला विचारलं गेलं : प्रत्यक्ष जागेवरचं रीडिंग अजून एकही का नाही?

हा उपक्रम कुणी बंद करायचा निर्णय घेतला नव्हता. तो नुसता वाळत गेला. मोठ्या कंपन्यांत बहुतेक नवे धंदे असेच जातात, म्हणून देखरेख कडक हवी की सैल या वादात मला रस उरलेला नाही.

आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर याच्या उलट उदाहरण आहे. डॉन एस्ट्रिज यांची छोटी टीम न्यूयॉर्क राज्यातल्या मुख्यालयापासून लांब, फ्लोरिडात बोका रॅटनला बसली होती. साधारण वर्षभरात, १२ ऑगस्ट १९८१ रोजी, यंत्र बाजारात आलं. लोक त्याचं श्रेय लांबच्या जागेला आणि स्वातंत्र्याला देतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की आयबीएमच्या दोन पक्क्या रिवाजांना तिथे नेमकी सूट मिळाली होती. महत्त्वाचे भाग घरचेच वापरायचे, हा एक. त्यांनी प्रोसेसर इंटेलचा आणि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची घेतली. विक्री आपल्याच माणसांनी करायची, हा दुसरा; त्यांनी यंत्र सिअर्स आणि कॉम्प्युटरलँडच्या दुकानांत ठेवलं. बाकी आयबीएमच्या आतल्या घटक-विभागांना आणि विक्री-विभागांना या दोन बाबतींत नकाराधिकार असता, तर ते यंत्र त्या तारखेला दिसलं नसतं.

तर तुमचं पहिलं पान. माझ्या मते त्यावर असं यावं.

सुरक्षिततेच्या बाबतीत मूळ कंपनीच्या डिझाइन विभागाचा नकार अंतिम. तुमचा डबा तेलाच्या व्हॉल्व्हवर बसणार. तो सांधा गळला किंवा त्यातून हवा आत गेली तर ग्राहकाचा कोट्यवधींचा ट्रान्सफॉर्मर धोक्यात येतो. इथे टीमला घाई आहे म्हणून सवलत मागू नका, मागितली तरी मिळता कामा नये. जबाबदारीच्या कलमावर लीगलचा नकार अंतिम. तुमच्या सेवेने ‘सगळं ठीक’ म्हटलं आणि दोन दिवसांनी ट्रान्सफॉर्मर जळाला, तर भरपाईची मर्यादा किती, हे करारात नसेल तर महिन्याच्या वर्गणीपोटी सगळी कंपनी गहाण पडते. ग्राहकाच्या नेटवर्कला जोडण्याबाबत आयटी सुरक्षेचं, आणि कर-कायद्याबाबत फायनान्सचं तसंच.

एवढ्या चार बाबी. याबाहेर कुणाचाही नकार अंतिम नाही, आणि हे शब्दांत लिहा. ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी टीमच्या सहीने व्हावी. तुमच्या आकाराच्या कंपनीत एका ऑर्डरला पाच लाखांची मर्यादा मला वाजवी वाटते. तपासणी अंतर्गत लेखापरीक्षकाने नंतर करावी, आधी नको. माणसं घेताना एचआरने पगाराची एकूण रक्कम ठरवावी, ग्रेड ठरवू नये. आयटीने सॉफ्टवेअरच्या निवडीत पडू नये. आणि ज्या चार बाबतींत नकार अंतिम आहे, तिथेही तो लेखी, कारणासह आणि सात कामाच्या दिवसांत यावा. सुरक्षितता सोडून बाकी तिन्हींत, मुदतीत उत्तर आलं नाही तर संमती समजावी. दाद एकाच माणसाकडे मागायची. त्या माणसाचं नाव त्याच पानावर असावं, पद नव्हे.

विक्री विभागाबद्दल वेगळं लिहितो, कारण खरी ओढाताण तिथे होणार आहे. तुमचा डबा तेलातला ॲसिटिलीन मोजतो. ॲसिटिलीन वाढला म्हणजे आत ठिणगी पडतेय, आर्किंग होतंय. इथिलीन वाढला तर तेल कुठेतरी फार तापतंय, हायड्रोजन एकटाच वाढला तर बहुधा इन्सुलेशनमध्ये आंशिक विसर्ग (पार्शल डिस्चार्ज, म्हणजे छोटी वीजगळती) होतोय. आता हा ट्रान्सफॉर्मर तुमच्याच कंपनीने तीन वर्षांपूर्वी विकलेला आणि वॉरंटीत असलेला असला, तर तुमचा डबा ग्राहकाच्या हातात तुमच्याच कंपनीविरुद्ध पुरावा देतोय. शिवाय वेळेत सावध झालेला ग्राहक जुना ट्रान्सफॉर्मर आणखी काही वर्षं वापरतो आणि नवी ऑर्डर पुढे ढकलतो. विक्रीप्रमुख हे पहिल्या महिन्यात ओळखतील. ते उघड विरोध करणार नाहीत. ‘आधी आमच्या दोन-तीन जुन्या ग्राहकांना विचारू द्या’, ‘हा सिझन जाऊ द्या’, असं म्हणतील. त्यांच्या जागी ते बरोबरच असतील, त्यांचं वर्षाचं उद्दिष्ट ट्रान्सफॉर्मरवर आहे.

कोडॅकमध्ये हेच झालं. स्टीव्ह सॅसन या त्यांच्याच अभियंत्याने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवून दाखवला होता. कंपनीला तंत्र कळलं नव्हतं असं नाही. पुढे त्यांनी डिजिटल कॅमेरे विकलेही. पण उत्पन्न फिल्मवर होतं, आणि नव्याच्या वेगाचा निर्णय फिल्मच्या हिशेबाने होत राहिला. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. म्हणून तुमच्या पानावर एक ओळ हवीच : ग्राहक कोण निवडायचा आणि भाव काय लावायचा, यात ट्रान्सफॉर्मर विक्री विभागाला मत आहे, नकार नाही. आणि त्यांचंही काही पदरात पडू द्या. त्यांनी आणून दिलेल्या ग्राहकाची पहिल्या वर्षाची वर्गणी त्यांच्या उद्दिष्टात धरा. नुसत्या आदेशाने हा विरोध जिरत नाही.

आता उपक्रमाचा आढावा घेणारी समिती. तीन माणसं पुरे, पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. एक असा, जो मंडळाला न विचारता ठरलेल्या मर्यादेत पैसे देऊ शकतो. एक स्वतंत्र संचालक, शक्यतो ज्याने सेवा किंवा सॉफ्टवेअर विकलंय. एक बाहेरचा, वीज वितरण किंवा मोठ्या उद्योगाच्या देखभालीत मुरलेला. रिफायनरी, खत कारखाने आणि केमिकलवाल्यांच्या या पट्ट्यात असा निवृत्त माणूस मिळायला अडचण नाही. ज्या विभागांचा धंदा तुमच्यामुळे हलणार आहे त्यांचे प्रमुख समितीत नकोत. निमंत्रित म्हणून येऊ देत.

आयबीएमचंच पुढचं उदाहरण इथे उपयोगी आहे. १९९९ मध्ये तेव्हाचे प्रमुख लू गर्स्टनर यांच्या वाचनात एका मासिक अहवालातली ओळ आली : चालू तिमाहीच्या ताणामुळे एका होतकरू नव्या कामाचा खर्च कापला. त्यांनी खोदून पाहिलं, तर हा अपवाद नव्हता. कंपनीची बक्षिसं, बजेट आणि आढावे सगळेच तिमाहीला बांधलेले होते. २००० मध्ये त्यांनी नव्या धंद्यांसाठी वेगळी व्यवस्था उभी केली. त्यातल्या तीन गोष्टी मी जिथे जातो तिथे सुचवतो. नव्या धंद्याचे पैसे जुन्या विभागाच्या बजेटमधून कापता येणार नाहीत अशी सोय केली. प्रमुख म्हणून होतकरू पोरंटोरं न नेमता, मोठे विभाग चालवलेली, कंपनीत कुणाचा फोन कुणाला लागतो हे जाणणारी वजनदार माणसं नेमली. आणि आढावा दर महिन्याला, पण नफ्यातोट्याचा नव्हे. ठरवलेला टप्पा गाठला का, ग्राहक काय म्हणाला, गृहीतक काय बदललं, याचा. हा आढावा सोपा नसायचा. नफ्याचा आकडा मागितला नाही म्हणजे चौकशी सौम्य झाली असं कुणी समजू नये. ‘ग्राहकाने पैसे का दिले नाहीत’ हा प्रश्न ‘विक्री किती’पेक्षा जास्त बोचतो.

पैशांकडे येतो. वार्षिक बजेट मागू नका. वर्षाचं बजेट मिळालं की ते संपवायची सवय लागते, आणि मार्चमध्ये कापलं जायची भीती कायम राहते. पैसे प्रश्नांना बांधून मागा. तुमच्या बाबतीत मला क्रम असा दिसतो. पहिला हप्ता एवढ्याच प्रश्नासाठी : तुमच्या डब्याचं रीडिंग आणि प्रयोगशाळेतल्या तेलाच्या नमुन्याचं रीडिंग जुळतं का? वीज उपकरणांची चाचणी करणारी इर्डा ही संस्था तर मकरपुऱ्यातच आहे, त्रयस्थ चाचणीसाठी लांब जायला नको. दुसरा हप्ता : फुकट नव्हे, पैसे देऊन डबा बसवणारे पाच ग्राहक मिळतात का, आणि त्यातले दोन तरी तुमच्या घराण्याशी किंवा कंपनीशी जुने संबंध नसलेले आहेत का? ही दुसरी अट सोडू नका. बडोद्यात ओळखीवर पहिले पाच ग्राहक कुणालाही मिळतात. त्यांच्या ‘हो’वरून बाजाराचं काही कळत नाही. तिसरा हप्ता : सहा महिन्यांनी त्यांच्यातले किती जण वर्गणी पुन्हा भरतात, आणि डब्याने किती वेळा उगाच घाबरवलं? खोट्या इशाऱ्यांचा प्रश्न तुमच्या धंद्याचा प्राण आहे. रात्री दोनला सबस्टेशनच्या माणसाला दोनदा उगाच उठवलं, की तिसऱ्यांदा तो फोन बंद ठेवतो, आणि मग तुमची सेवा चालू असूनही नसल्यासारखी.

प्रत्येक हप्त्याला रक्कम आणि मुदत दोन्ही लिहा. प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर तो हप्ता वाया गेला असं मंडळाने धरू नये; कमी पैशांत ‘नाही’ कळलं. ॲडोबीने २०१३ मध्ये कुठल्याही कर्मचाऱ्याला, साहेबाची परवानगी न मागता, हजार डॉलर भरलेलं कार्ड असलेली लाल पेटी द्यायला सुरुवात केली, त्यामागचा विचार हाच. पहिल्या प्रश्नाइतक्याच पैशांना पहिली सही.

हिशेबाचा एक मुद्दा तुमच्या सीएफओंशी आधीच बोलून घ्या. भारतीय लेखा मानक ३८ प्रमाणे संशोधनाचा खर्च त्याच वर्षी खर्ची टाकावा लागतो. विकासाचा खर्च ठरावीक अटी पुऱ्या झाल्यावर मालमत्ता म्हणून ताळेबंदात घ्यायचा असतो. नव्या उपक्रमाचा तोटा कमी दिसावा म्हणून या अटी पुऱ्या झाल्याचं लवकर ठरवायचा मोह फायनान्सला होतो. त्याचा गव्हर्नन्सवर थेट परिणाम होतो. एकदा काही कोटी मालमत्ता म्हणून चढले, की उपक्रम बंद करणं म्हणजे ते सगळे एका तिमाहीत निर्लेखित करणं, म्हणजे बुडीत धरून ताळेबंदातून काढून टाकणं. मग बंद करायची वेळ आली तरी कुणी सही करत नाही. भविष्यात पैसा येईल हे दाखवणं ही त्या अटींपैकीच एक आहे, आणि वर्गणी पुन्हा भरणारे ग्राहक मिळेपर्यंत ते प्रामाणिकपणे दाखवता येत नाही, असं माझं मत.

वेगळी कंपनी काढायची का? इथे बडोदेकरांना घरचंच उदाहरण आहे. १९०८ मध्ये सयाजीराव महाराजांच्या पाठबळाने बँक ऑफ बडोदा निघाली. महाराजांना ती संस्थानाच्या खजिन्याचं एक खातं म्हणून चालवता आली असती. तसं न करता ती बडोदा संस्थानाच्या १८९७ च्या कंपनी कायद्याखाली नोंदवली गेली, दहा लाखांच्या भरणा भांडवलाने, आणि विठ्ठलदास ठाकरसी, लल्लूभाई सामळदास यांच्यासारखी धंद्यातली माणसं तिच्या उभारणीत होती. पाठबळ राजाचं, निर्णय मंडळाचे. बँकेच्या धंद्यात लोकांचा विश्वास हाच माल, त्यामुळे ते अंतर गरजेचंच होतं. नेस्लेने नेस्प्रेसोसाठी १९८६ मध्ये वेगळी कंपनी काढली तीही गरजेपोटीच : इन्स्टंट कॉफी किराणा दुकानांतून विकणाऱ्या यंत्रणेला कॅप्सूल आणि मशीन थेट ग्राहकाला विकायचं तंत्र पेलणारं नव्हतं.

पण महिंद्राची स्कॉर्पिओ पाहा. नाशिकला, पवन गोएंका यांच्या पुढाकाराने, वेगवेगळ्या विभागांतून उचललेल्या एका टीमने ती उभी केली आणि २००२ मध्ये बाजारात आणली. त्यासाठी वेगळी कंपनी लागली नाही. एका छताखाली बसलेली टीम आणि तिच्या हातातले निर्णय पुरले. टायटनच्या आतच वाढलेल्या तनिष्कचंही तसंच. नव्वदच्या दशकात कित्येक वर्षं तो दागिन्यांचा धंदा तोट्यात होता, घड्याळांच्या नफ्यावर जगत होता, आणि बंद करा म्हणणारे पुष्कळ होते. आज टायटनच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा वाटा दागिन्यांचा आहे.

तुमच्यासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे : पहिले तीन हप्ते संपेपर्यंत वेगळी कंपनी काढू नका. कारण निविदा. वीज कंपन्यांच्या निविदेत पूर्वी केलेल्या पुरवठ्याचा आणि समाधानकारक कामगिरीचा दाखला मागतात. तो तुमच्या मूळ कंपनीकडे गठ्ठ्याने आहे. कालपरवा नोंदलेल्या कंपनीकडे एकही नसेल. काही निविदांत मूळ कंपनीचा अनुभव हमीपत्रावर चालतो, काहींत नाही. ‘स्टार्टअप म्हणून नोंदवू, अनुभवाची सूट मिळेल’ असं कुणी सुचवेल. केंद्राच्या व्याख्येत अस्तित्वातला धंदा विभागून किंवा त्याची पुनर्रचना करून काढलेली कंपनी स्टार्टअप धरत नाहीत, तेव्हा या वाटेवर भरवसा ठेवू नका.

पुढे बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा असेल, तेव्हा मात्र वेगळी कंपनी हवीच. गुगलच्या आतून निघालेली, चालकाविना गाड्यांचं काम करणारी वेमो डिसेंबर २०१६ मध्ये वेगळी कंपनी झाली आणि २०२० मध्ये तिने पहिल्यांदा बाहेरचं भांडवल घेतलं. बाहेरच्याने स्वतःचे पैसे घालून लावलेली किंमत ही आतल्या कुठल्याही समितीच्या आढाव्यापेक्षा खरी असते.

शेठच्या मुलीबद्दल तुम्ही संकोचू नका, प्रश्न रास्त आहे. तिला प्रमुख नेमण्यात मुळात गैर काही नाही, आणि वरच्या त्या पानासाठी तर फायदाच आहे. तिची फाईल खरेदी खातं अडवणार नाही. धोका दुसऱ्या टोकाला आहे : तिच्या उपक्रमाला बंद करा म्हणणारा कोण? समितीत शेठ स्वतः बसले तर कुणीच नाही. म्हणून ती प्रमुख झाली तर पैसे देणारा समितीतला माणूस घराण्याबाहेरचा असावा, आणि हप्त्याच्या प्रश्नांची उत्तरं स्वतंत्र संचालकाने ग्राहकांशी परस्पर बोलून पडताळावीत. कायद्याची बाजूही आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १८८ खाली संचालकाच्या नातेवाइकाला कंपनीत किंवा उपकंपनीत लाभाचं पद द्यायला मंडळाची मंजुरी लागते, आणि महिन्याचं मानधन अडीच लाखांच्या वर गेलं तर भागधारकांचीही. मुलगी त्या व्याख्येत येते. कर्मचाऱ्यांना ईसॉप (ठरल्या भावाने कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क) द्यायचे झाले तर प्रवर्तक गटातली व्यक्ती म्हणून तिला ते घेता येणार नाहीत. आणि उद्या उपकंपनी काढून तिच्या नावावर थोडे शेअर ठेवायची कल्पना निघाली, तर सांगा की त्या क्षणी ती पूर्ण मालकीची उपकंपनी राहत नाही. मग मूळ कंपनीशी होणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला संबंधित पक्षाचे नियम पूर्ण लागू होतात, पूर्ण मालकीमुळे मिळणारी सूट जाते. असं न करणंच बरं.

टीममधल्या बाकीच्यांसाठी एकच गोष्ट मागून घ्या, पण लेखी : उपक्रम बंद झाला तर मूळ विभागात, त्याच दर्जाच्या पदावर परत यायचा हक्क. ही हमी नसेल तर कारखान्यातली चांगली माणसं तुमच्याकडे येणार नाहीत, आणि आलेली माणसं, उपक्रम बुडतोय हे कळूनही, नोकरी टिकवण्यासाठी तो चालू ठेवतील. अ‍ॅमेझॉनने २०१४ मध्ये फायर फोनपोटी सुमारे १७ कोटी डॉलरचा तोटा खर्ची टाकला. फोन बनवणाऱ्या त्याच लॅब१२६ मधून त्याच वर्षी इको हा बोलता स्पीकर बाहेर पडला. माणसं शाबूत ठेवली तर शिकलेलं शाबूत राहतं.

बंद करायचं पान आत्ताच, उत्साह आहे तोवर लिहा. कोणता प्रश्न ‘नाही’ आला की थांबायचं, एकदा मुदतवाढ मिळेल की नाही (माझ्या मते एकदाच, निम्म्या रकमेची), आणि अंतिम सही कुणाची. फुग्यांवरून इंटरनेट देणारा लून हा उपक्रम गुगलची मूळ कंपनी अल्फाबेटने जानेवारी २०२१ मध्ये बंद केला. फुगे उडत होते, सेवा मिळत होती. पण टिकाऊ धंदा होईल इतका खर्च खाली येत नव्हता, असं त्यांनी जाहीर सांगितलं. तंत्र चालतंय आणि धंदा चालत नाही, ही अवस्था तुमच्याही वाट्याला येऊ शकते, आणि बंद करायला सर्वांत अवघड तीच असते.

आणि एक बाब हटकून राहून जाते. बंद कराल तेव्हा पंचवीस-तीस ठिकाणी तुमचे डबे चालू ट्रान्सफॉर्मरवर बसलेले असतील. ग्राहकाने त्यांच्या भरवशावर तेलाच्या नमुन्यांची जुनी तपासणी कमी केलेली असेल. टीम पांगली की त्या डब्यांची जबाबदारी कुणाची? पहिल्याच करारात लिहा की सेवा थांबवायची झाली तर ग्राहकाला सहा महिने आधी सूचना मिळेल आणि तोवर मूळ कंपनीचा सर्व्हिस विभाग ती चालवेल. त्या सहा महिन्यांचा खर्च अंदाजून प्रत्येक डब्यामागे तेवढी रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा. सर्व्हिस विभागाच्या प्रमुखांची सही त्या पानावर मंडळाच्या बैठकीआधीच घ्या.